द्वारकाबाईच्या नावावर

पडदा सारून द्वारकाबाईनं आत पाहिलं. टेबल, ट्रेमधली चकचकीत अवजारं, हातमोजे घालणारी डॉक्टरीण. ती आल्या पावली मागं फिरली आणि शाळेच्या मागच्या दारानं थेट शेताच्या वाटेला लागली. तिचा फॉर्म भरून झाला होता. नाव, वय अठ्ठेचाळीस, मुलाचा मोबाईल नंबर, खाली अंगठा. तो फॉर्म रत्नमालाच्या हातात राहिला.

रत्नमाला त्या गावची आशाताई. जवळच्या पाचोडहून त्या गावाला जीपनं पंधरा मिनिटं लागतात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायला शाळेतल्या शिबिरात शहरातून डॉक्टर येणार म्हणून पंधरा दिवस तिनं घर न् घर पालथं घातलं होतं. "नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जात असंल तर लाजू नका, आधी दाखवा," हे वाक्य तिनं किती उंबऱ्यांवर म्हटलं असेल! तिला स्वतःला दिवाळीपासून तेच होत होतं. आता फेब्रुवारी सरत आला होता. तिनं नवऱ्याला, सर्जेरावला, सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावातल्या एका बाईचा याच तपासणीचा रिपोर्ट खराब आला, तेव्हा सासरच्यांनी तिला गाडीत घालून माहेरी पोचवलं होतं. खराब रिपोर्टांच्या यादीत तिचं नाव रत्नमालानं स्वतः वाचलं होतं.

"पुढच्या द्वारकाबाई कोण?" आतून आवाज आला.

नर्स चहाला गेली होती. दिवसभर बाहेर नावं पुकारणाऱ्या रत्नमालाला डॉक्टरणीनं नीट पाहिलंही नव्हतं. रत्नमाला आत गेली आणि पडदा ओढून घेतला.

"मीच," ती म्हणाली.

काही निघालं नाही तर कुणाला कळायचं कारण नाही, आणि निघालंच तर तेव्हा बघू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

एप्रिलमध्ये आरोग्य केंद्रातून द्वारकाबाईच्या मुलाला, पुंजारामला, फोन आला. आईच्या तपासणीत पेशी बिघडलेल्या दिसतात, पुढच्या तपासणीला शहरात घेऊन या. पुंजाराम तेव्हा पानटपरीवर उभा होता. दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला ठाऊक झालं.

"म्या आत गेलेच नाय," द्वारकाबाई सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. घाबरून लपवतीय, असंच सगळ्यांना वाटलं. सुनेनं तिचं ताट-तांब्या वेगळा काढला. नातवाला तिच्या मांडीवरून उचलून नेलं. चौथ्या दिवशी तिची खाट गोठ्याच्या पडवीत गेली.

रत्नमाला त्या घरी दोनदा गेली. "ताट वेगळं करायची गरज नाय, हा रोग असा जेवणाखाण्यातून लागत नाय," असं तिनं सुनेला समजावलं. रिपोर्ट खरा कुणाचा, हे मात्र दोन्ही वेळा सांगितलं नाही. द्वारकाबाई पडवीतून तिच्याकडं टक लावून बघत होती. त्या आठवड्यात रत्नमालाचं रक्त जरा जास्तच गेलं.

पुंजारामनं सरकारी दवाखान्याची वाट धरलीच नाही. शहरातल्या उस्मानपुऱ्यात ओळखीतून एक खाजगी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरनं रिपोर्ट वरवर वाचला आणि म्हणाला, गर्भपिशवीच काढून टाकू, कटकट नको. गुरुवार ठरला. सोबत आशाताई हवी म्हणून पुंजाराम स्वतः रत्नमालाला बोलवायला आला. नाही म्हणायला तिला कारण सापडलं नाही.

गुरुवारी सकाळी द्वारकाबाईला हिरवा गाऊन घातला. हाताला सुई टोचली. काचेच्या बांगड्या काढून पुंजारामच्या रुमालात बांधल्या. खाटेवर बसलेली द्वारकाबाई फार लहान दिसत होती. नर्स संमतीचा कागद घेऊन आली तेव्हा द्वारकाबाईनं रत्नमालाचं मनगट धरलं.

"रत्नमाला, माह्या डोळ्यात बघून सांग. फॉर्म तुह्या हातात होता. म्या गेले व्हते का आत?"

पुंजाराम वैतागला. "आई, आता कामून परत तेच?"

"तू गप. तिला बोलू दे."

नर्स अंगठ्यासाठी शाईचं पॅड उघडत होती.

"नाय," रत्नमाला म्हणाली. "तुमी नव्हता गेल्या. मी गेले. रिपोर्ट माझाय."

पुंजाराम तिच्यावर धावून आला. कॉरिडॉरमधली माणसं दारात जमली. त्यानं तिला काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही आणि रत्नमालानं मान वर केली नाही. द्वारकाबाईनं हातावरची चिकटपट्टी ओढली, नर्सकडून सुई काढून घेतली आणि गाऊनवरूनच लुगडं गुंडाळायला लागली. दाराशी आल्यावर ती थांबली.

"माही खाट गोठ्यात गेली, तरी तू बगत राह्यलीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आता तुही कुटं जाती ते बघ."

माय-लेक निघून गेले. रत्नमाला तिथूनच रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीवर तिनं आपलं नाव सांगितलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आणि आपण आशाताई असल्याचंही.

तिथल्या डॉक्टरणीनं दुर्बिणीतून तपासलं, बारीक तुकडा तपासायला काढला आणि विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"दिवाळीपासून."

"तुम्ही तर आशाताई. तुम्हाला माहीत होतं ना?"

रत्नमालानं व्हय म्हटलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला सर्जेराव सोबत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, तरी आला. शिबिरातल्या तपासणीत दिसलं त्याहून आत जास्त निघालं होतं. बिघाडाच्या पुढं गेलं होतं, कर्करोगच होता. मोठं ऑपरेशन लागेल, नंतर बहुधा किरणांचा शेकही द्यावा लागेल. किती पसरलंय ते अजून दोन तपासण्यांनंतर कळणार होतं. रत्नमालानं कागदाची घडी केली आणि कापडी पिशवीत ठेवली. सर्जेरावनं पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढं धरली.

पुढच्या बुधवारी त्याच शाळेत दुसरं शिबिर होतं. रत्नमाला दवाखान्यात दाखल होती, म्हणून शेजारच्या गावची आशाताई सायली तिच्या जागी आली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, एकबी बाई आली नाय. मी दारोदार फिरले. म्हणतात, तिथं एकीचा रोग दुसरीच्या नावावर लिहितात."

रत्नमालानं फोन कानाला धरून ठेवला. यादीतल्या बायका तिला तोंडपाठ होत्या. त्यातल्या दोघींनी अंगावर रक्त जातंय म्हणून तिच्याच कानात सांगितलं होतं. "पुढच्या शिबिरात नक्की दाखवा," असं सांगून तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, आणि त्या दोघी अजून घरीच होत्या.