दमलेला मोर

“सर, सांगितलं तर कोन्ही खरं मानणार नाही,” अभिमनआबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, “पण आमची नात भूमिका म्हणजे—”

“आबा, तुम्ही थांबा जरा.”

दिपमालाने टॅब योगेंद्र सरांच्या टेबलावर आपटलाच असता. शेवटच्या क्षणी हात आवरला. कांद्याची लागवड अर्धी टाकून ती शाळेत आली होती. नखांत चिखल तसाच होता. एका हाताने सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर धरायचा आणि दुसरा हात सरांसमोर नाचवायचा, अशी तिची कसरत चालली होती.

“तिसरीतली पोर. साधा शब्द वाचता येत नाही. आणि तुम्ही तिला वाचनवर्गातून काढता?”

“काढलं नाही हो ताई.” साक्रीहून मोटारसायकलवर येणाऱ्या सरांनी टेबलावरचं हेल्मेट बाजूला सरकवलं आणि टॅब तिच्याकडे वळवला. “तो वर्ग टॅबवर लाल दिसणाऱ्या, वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी. भूमिका हिरव्यात गेली. हे बघा, शब्द वाचायचा, खालच्या चित्रांतलं बरोबर चित्र दाबायचं, की पडद्यावर मोर नाचतो. दर शनिवारी ती टॅब घरी नेते, सोमवारी आणते. सगळे शब्द पूर्ण! वर्गात पहिली आहे ती.”

दिपमालाने खडू उचलला. फळ्यावर ‘विहीर’ लिहिता लिहिता तो मोडला.

“वाच.”

आबांच्या खुर्चीला टेकून उभी भूमिका फळ्याकडे बघत राहिली. फ्रॉकचा बंद तोंडात गेला. “व...” म्हणाली आणि थांबली.

“झालं? आता विचारा तुमच्या मोराला!”

सर ओशाळले, पण टॅब सोडेनात. “यात दिसतं तेच मला वर कळवावं लागतं, ताई. तिची जागा उद्यापासून दुसऱ्या मुलाला द्यायची आहे. परत लाल करायचं तर काहीतरी कारण लागेल.”

“कारण समोर उभं आहे! दिसत नाही? चौथीत गेल्यावर कोण शिकवणार हिला? तुमचा मोर?”

“अवो, घाबरते ती,” आबा मध्येच म्हणाले. आता त्यांना कोणी थांबवलं नाही. “मी या डोळ्यांनी पाहिलं, सर. शनिवारी ओट्यावर बसली. विहीर वाचलं, मोर नाचला. नांगर वाचलं, मोर नाचला. पोरगी थांबेचना! शेवटी मोराला लागली धाप. पिसारा मिटून खाली बसला, म्हणे, बाई, आधी पानी पाज. टॅब असा तापला की मी त्यावर भाकर शेकून घेतली. आणि आमची म्हैस! धार काढू देईना. म्हणे, धडा पुरा होऊ द्या, मंग दूध.”

सरांना हसू आवरेना.

दिपमाला हसली नाही. “मग आता का येत नाही तिला?”

आबांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

“तुझ्या आवाजाने. घरात सारखी खेकसतेस. पोरीच्या तोंडचा शब्द पळून जातो.”

सरांचं हसू थांबलं. दिपमालाचा पदर खांद्यावर घसरला. तिने तो सावरला नाही. मोडक्या खडूचा तुकडा टेबलाच्या कडेला ठेवून ती हाताला लागलेली पांढरी भुकटी लुगड्याला पुसत राहिली. बराच वेळ.

“मग हिरव्यातच ठेवतो, ताई,” सर हलकेच म्हणाले. “घरी जरा शांतपणे घ्या तिला.”

ती मान हलवणारच होती.

“आबा, तू खोटं बोलस!”

भूमिकाच्या तोंडातून बंद सुटला होता. दोन्ही मुठी आवळलेल्या, मान लाल झालेली. आईसारखीच ओरडत होती ती.

“शनिवारले टॅब तूच हातमा ली बठस! मोर बी तूच नाचाडस! माले तर एकदाबी हात लावू दिधा नही!”