गुळाची साखर गेली

शेंद्रा गावच्या मंदिरामागं पत्र्याच्या मांडवात सकाळपासून रांग होती. मागच्या वर्षी बद्रीनाथ महाराजांच्या पेटीला नुसता एक दिवा होता. यंदा काडेपेटीएवढा रंगीत पडदा आला आणि भक्त दुप्पट झाले. लाल कापडाखाली पेटीच्या भोकात बोट घालायचं. पडद्यावर ॐ गरगर फिरायचा. मग लाल आला की दोष बाकी, हिरवा आला की साखर गेली. डॉक्टर सुई टोचतो, आमचा देव नुसता रंग दाखवतो, असं महाराज दर दहा मिनिटांनी सांगत.

सुलेखा सासूच्या मागं उभी होती. नवरा, बन्सी, जाऊन सात महिने झाले होते. तेव्हापासून तिला ना भूक लागायची, ना राग यायचा. सासूला, लीलाबाईंना, सगळ्यांसारखाच तिसऱ्या खेपेला हिरवा आला, त्यांनी इन्सुलिन सोडलं, त्याला आज नववा दिवस. जीभ कोरडी, पाय शिशाचे. तरी हिरवा आल्याचा नारळ फोडायला त्या हट्टानं आल्या होत्या. घरात दोघीच उरल्या होत्या. हे सगळं सुलेखाला कळत होतं, वाटत काही नव्हतं.

महाराजांनी पेटी चालू केली. पडदा लाल झाला, हिरवा झाला, निळा, पांढरा. लोकांनी हात जोडले.

सुलेखानं मान वर केली. कंपनीत वॉशिंग मशीनचे असलेच पडदे ती दिवसाला सहाशे तपासायची. हेच चार रंग, याच क्रमानं. एखादा ठिपका मेलाय का ते बघायला. कोपऱ्यात हिरवी शेपटीही होती. महाराज तिला देवाचा पदर म्हणत, कुणाला हात लावू देत नसत. ओरखडे पडू नयेत म्हणून नव्या पडद्याला चिकटवलेली पारदर्शक पट्टी असते, तिचं ते टोक. महाराजांनी ती सोललीच नव्हती.

तिनं प्रसादाच्या ताटातला गुळाचा खडा मुठीत घेतला आणि पुढं झाली.

"कितवी खेप?" महाराजांनी विचारलं.

"तिसरी," ती खोटं बोलली.

ॐ फिरला. हिरवा आला. सुलेखानं कापड उचललं. भोकात बोटाऐवजी गूळ होता.

"गुळाची साखर गेली का ओ महाराज?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज शापाची भाषा बोलू लागले, तोवर तिनं पेटी उलटी केली होती. आत सर्किटची हिरवी पाटी, पडदा, आणि महाराजांच्या मांडीखालच्या बटणाकडं गेलेली वायर. भोकामागं नुसता पुठ्ठा. बटण एकदा दाबलं की लाल, दोनदा दाबलं की हिरवा, तिनं वायर ओढून बटण हातात घेतलं आणि दाबून दाखवलं.

"पर रंग तर आमी डोळ्यानं बघितला," शेजारची चंपाबाई म्हणाली.

"बघितला, व्हय. पडदा नुसता दाखवतो, माय. मोजायला आत काहीतरी लागतं. कुणीबी यंत्र पुढं केलं की आधी विचारा, हे मोजतं कशानं? विचारायला शिकलेलं असावं लागत नाय."

पिशवीत नऊ दिवस पडून असलेलं सासूचं साखर तपासायचं यंत्र काढून तिनं तिथंच सासूच्या बोटाचा थेंब घेतला. रंग नाही, ॐ नाही, राखाडी काचेवर काळा आकडा: चारशे बारा.

दवाखान्याकडं निघालेल्या रिक्षात लीलाबाई तिच्याकडं वळल्या.

"तुला हे आधी का नाय दिसलं गं?"

"चारी खेपेला तुमच्यासंगं आले, आत्याबाई. बघितलंच नाय मी."

लीलाबाईंनी तिचा हात धरला. सुलेखानं तो सोडवून घेतला नाही.