हातोड्यांचा निरोप

आमच्या लँकशायरच्या छापखान्यात असा रिवाज होता, की निवृत्त होणारा अक्षरजुळारी शेवटच्या दिवशी दाराकडे चालू लागला म्हणजे प्रत्येकाने जवळच्या लोखंडावर हातोडा हाणायचा, आणि तो बाहेर पडेपर्यंत थांबायचे नाही. १९७४ च्या मार्चमध्ये एनॉक थ्वेटची पाळी आली, तेव्हा मी या रिवाजाला विरोध केला. एनॉक जन्मतः बहिरा होता.

आमच्या कामगार संघटनेला चॅपेल म्हणत आणि तिच्या प्रमुखाला फादर. तेरा वर्षे तो फादर मीच होतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी गोंगाट करणे हा सन्मान नव्हे, ती आपली करमणूक आहे, असे मी सभेत मुद्देसूद मांडले.

"फादर, प्रवचन आटोपलं असेल तर चहा घेऊ का?" होरेस बर्टविसल म्हणाला. तो एनॉकच्या शेजारच्या, शिशाच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रावर बसे. "एनॉकला विचारलंत तरी का?"

"त्यात विचारायचं काय? बहिरा आहे तो."

"माझं यंत्र अडकायच्या आधी त्याला कळतं. मला लाथ घालतो, आणि मग ते अडकतं."

"योगायोग."

"वीस वर्षं? माझी नडगी दाखवू?"

सगळे हसले. मतदानात माझ्या बाजूने एकच मत पडले. ते माझे होते.

शुक्रवारी दुपारी अडीचला सायंदैनिकाचे शेवटचे पान तयार झाले. खोलीच्या मागच्या टोकाला असलेल्या लोखंडी टेबलावर, रोजच्याप्रमाणे, मी त्याच्या ओळी फळी ठेवून हातोड्याने सपाट केल्या आणि पान पुढे धाडले. एनॉकने आपल्या यंत्रातल्या वितळलेल्या शिशाखालची आच बंद केली, एप्रनची घडी घातली, सर्वांशी हस्तांदोलन केले. मग पाठ फिरवून तो दाराकडे निघाला.

होरेसने पहिला घाव घातला. पाठोपाठ चाळीस हातोडे कोसळले. खिडक्यांची तावदाने थरथरली. माझ्या हातात हातोडा होता, पण मी तो उचलला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दारात पोहोचण्यापूर्वीच एनॉक थांबला. त्याने पायांखालच्या फळ्यांकडे पाहिले, आणि तो वळला. असे कोणी कधी वळले नव्हते. आवाज विस्कटत विस्कटत बंद पडला. तो सगळी खोली ओलांडून थेट माझ्यासमोर आला, आणि एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहू लागला.

"सव्वीस वर्षं रोज अडीचला तुमच्या हातोड्याने माझ्या टाचा हलतात. तेव्हा मला कळतं, पेपर निघाला. आज बाकीचे सगळे आहेत. तुम्ही कुठे आहात?"

मी ते दोनदा वाचले. होरेस माझ्याकडे पाहत होता.

एनॉक परत आपल्या यंत्रापाशी गेला. तेथून, जणू पहिल्यांदाच, तो दाराकडे चालू लागला. मी दोन्ही हातांनी हातोडा डोक्यावर उचलला आणि टेबलावर हाणला. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. मग पुन्हा हाणला, आणि पुन्हा.

एनॉक वळला नाही.