नावं झाकणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, बारा इंच लांब आणि दोन बोटं रुंद. माझे आकडे पुसट झालेत, एक कोपरा उंदराने कुरतडलाय. स्वभावाने मी संशयी. कुणी कितीही गोड बोललं तरी मी मनात म्हणते, बघू या.

सुताराने मला तासून गुळगुळीत केलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या मुलाच्या दप्तरात जाईन. पण आले सरकारी वकिलांच्या कार्यालयात. तपासनिसांचे कागद तिथे यायचे आणि कुणावर खटला भरायचा, कुणाला ताकीद देऊन सोडायचं, हे वकीलबाई ठरवायच्या. बाई सरळ मनाच्या. त्यांनी एक रीत घालून दिली होती. कारकुनाने प्रत्येक प्रकरणाचं एकपानी टिपण करायचं. नाव, धंदा, पत्ता फक्त पहिल्या ओळीत; खाली सगळीकडे नुसतं 'संबंधित व्यक्ती'. टिपण टेबलावर ठेवताना त्या ओळीवर मला आडवं ठेवायचं आणि सही होईपर्यंत हलवायचं नाही.

"नाव दिसलं की मन कुठेतरी झुकतंच," बाई म्हणायच्या.

परगावचे वकील मुद्दाम मला बघायला यायचे. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही छापून आला. मी इतकी फुगले होते की काही विचारू नका.

पण बाईंना न दिसणारं नाव मला दिसायचं, कारण मी त्यावरच पालथी पडलेली असायचे. शिंपी, हातगाडीवाला, धुणीभांडी करणारी, पुन्हा हातगाडीवाला. वर्षामागून वर्षं गेली, पण एकाही कारखानदाराच्या नावावर मी पडले नाही. मोठी माणसं काय सगळी धुतल्या तांदळासारखी होती? मला काही ते पटेना.

माझा संशय कारकुनावर गेला. त्याला सगळे 'थांबाजरा' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. त्याच्या खालच्या खणाला कायम कुलूप असे. हा नक्की पैसे खातो, असं मी ठरवूनच टाकलं. त्याच्या चपलेला तीनदा टाका घातलेला मी पाहिला होता, तरी म्हटलं, सोंग असेल.

मग एके दिवशी दुपारी लाँड्रीवाल्या मावशी आल्या. बाईंनी आदल्या दिवशीच त्यांच्यावर खटला भरायची सही केली होती आणि तशी नोटीस त्यांच्या हातात होती. साबणाचं पाणी ओढ्यात सोडल्याचा गुन्हा. त्या नावावर मीच पडले होते.

"बाई, पाणी सोडलं, हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही," मावशी म्हणाल्या. "खटला उभा राहिला की माझा परवाना जाणार. मी आणि माझी जाऊ, दोघी त्या दुकानावरच जगतो. पण तपासनीस त्याच दिवशी शेजारच्या मोठ्या हॉटेलातही गेले होते. तेलकट पाण्याचा हा एवढा पाइप, तोही त्याच ओढ्यात. त्या मालकाला का नाही नोटीस?"

"हॉटेलचं टिपण माझ्यापुढे आलेलंच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कारकुनाकडे पाहिलं.

"थांबा जरा," तो म्हणाला आणि त्याने खण उघडला. आत फायली ठासून भरल्या होत्या. हॉटेलची सगळ्यांत वर होती.

"ही काय भानगड आहे?"

"भानगड नाही, बाई. तपासनिसांच्या कागदांवर या फायलींतल्या लोकांच्या वकिलांची उत्तरं आलीत, चाळीस-चाळीस पानांची. उत्तर पुरतं तपासल्याशिवाय टिपण करायचं नाही, असंच मला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. एक तपासून होतं न होतं तोच यांचं दुसरं येतं. ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांचं टिपण मी लगेच करतो."

"खटला भरायची मुदत वर्षाची असते. यातल्या किती जणांची उलटली?"

"बऱ्याच जणांची," तो खाली मान घालून म्हणाला.

मित्रांनो, मी इतकी वर्षं लाच हुंगत होते आणि लाच नव्हतीच. माणूस कामसू होता, नियमाला धरून होता. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. चोर असता तर त्याला काढून टाकता आलं असतं.

"म्हणजे वकील केला तो खणात आणि नाही केला तो टेबलावर," मावशी म्हणाल्या.

बाईंनी हॉटेलची फाइल उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी नावं झाकत बसले आणि खण कधी उघडून पाहिला नाही."

कोर्टात जायच्या गठ्ठ्यातून त्यांनी मावशींचा कागद काढून घेतला. हॉटेल आणि लाँड्री, दोघांना सारखी ताकीद लिहिली: महिनाभरात पाणी ओढ्यात जाणं बंद करा, जो करणार नाही त्याच्यावर खटला, मग तो कुणी का असेना. वकिलांची चाळीस पानं नुसती मागे जोडली.

"मला सोडा असं म्हणायला मी आले नव्हते," मावशी जाता जाता म्हणाल्या. "पण माझ्याआधी ज्यांना धरलंत, त्यांचं काय?"

आता मला त्या खणात आडवं घालून ठेवलंय, तो पुरता बंद होऊ नये म्हणून. फोटो काढायला कुणी येत नाही. बाई जुनी नोंदवही उघडून, टेबलावरून थेट कोर्टात गेलेल्या एकेका माणसाला पत्र लिहितात: तुमचं प्रकरण पुन्हा पाहायचं आहे, येऊन भेटा. शिंप्याचं दुकान कधीच गेलंय. हातगाडीवाले गाव सोडून गेलेत. पत्त्यावर कुणी राहत नाही, असा शेरा घेऊन बरीचशी पत्रं परत येतात आणि माझ्याच शेजारी पडतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, माझ्यासारख्या पट्टीवरही आंधळा विश्वास ठेवू नका. कुणाला धरलं, हे सगळे सांगतील. कुणाला धरलं नाही, हे तुम्ही विचारा, आणि वेळेवर विचारा. उशीर झाला की पत्रं परत येतात.