दादाचा कान

"धाकट्या, इकडे ये. ऐकून बघ. लोण्यासारखं चालतंय!"

दादा त्या नव्या इंजिनापुढे उकिडवा बसला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलेलं, मूठ कानाशी घट्ट, डोळे मिटलेले. आम्ही मेकॅनिक लोक इंजिन असंच तपासतो. बाहेरून नुसता गोंगाट ऐकू येतो, पण स्क्रूड्रायव्हर लावला की आतलं एकेक दुखणं कानात येऊन बोलतं. त्यात दादाचा कान म्हणजे काय विचारता! गाडी फाटकातून आत येईस्तोवर हा सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह जळलाय." उघडलं की तिसऱ्याचाच. मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली शिकलो, शिव्या खात खात.

ते इंजिन बघायला शेडमध्ये आम्ही पंधरा-वीस गॅरेजवाले जमलो होतो. इंजिन बनवणाऱ्याला सगळे टायवाला म्हणायचे, कारण एवढ्या उकाड्यात पठ्ठ्याच्या गळ्यात टाय. त्याचं म्हणणं असं की या इंजिनाला वॉल्व्ह नाहीत, क्रँक नाही, तेल निम्मं लागतं आणि वीस वर्षं खोलायची गरज नाही.

"मग आम्ही काय माश्या मारायच्या?" रेडिएटरवाला मागून ओरडला. सगळे हसले.

टायवालाही हसला. "तुम्ही हेच इंजिन बनवायचं. ज्याच्याकडे मशीन आहे त्याने ते इथे, या शेडच्या कारखान्यात आणायचं, आणि भागीदार व्हायचं."

मी दादाच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला, कानाला लावला. अहो, कसलं लोणी! आतलं बेअरिंग असं खडखडत होतं, जणू डब्यात खडे घालून कोणी हलवतंय. नुसतं रिकामं फिरताना ही गत. ओझं टाकलं तर तासभर टिकायचं नाही.

मी दादाकडे बघितलं. तो हसत होता. मला वाटलं, चेष्टा करतोय.

"साहेब," मी म्हटलं, "पट्टा लावून पंप ओढून दाखवा की."

"ते पुढच्या महिन्यात."

"मग पुढच्या महिन्यातच बोलू."

"तुमच्या थोरल्या बंधूंना विचारा ना," टायवाला म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. दादा उठला, हात पुसले. "आवाज स्वच्छ आहे. मी माझा लेथ देतो."

त्याने तसं म्हटल्यावर कोण मागे राहतोय! तिथल्या तिथे आणखी सहा जणांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी दादा गॅरेजात लेथ, म्हणजे त्याचं लोखंड कातायचं मशीन, पुसत होता. तीस वर्षं झाली त्या लेथला, पण एक डाग नाही. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि बावीसचा जाड पाना फरशीवर सोडला. ठण्णकन् आवाज झाला. रस्त्यापलीकडून टायरवाला ओरडला, "काय पाडलंस रे?"

दादाने मान वळवली नाही. पुसतच राहिला.

मी फिरून त्याच्या पुढे गेलो. "दादा, त्या इंजिनाचं बेअरिंग वाजतंय."

"मला नाही ऐकू आलं."

"मला आलं."

"चाळीस वर्षांत माझ्या कानाला कोणी चूक म्हटलेलं नाही," तो म्हणाला. रागाने नाही, शांतपणे म्हणाला. "तूच म्हणणारा का पहिला?"

तो परत लेथकडे वळला. मग मी म्हटलं, "दादा, तुझे कान गेलेत रे." म्हटलं म्हणजे काय, त्याच्या पाठीला म्हटलं. एवढीच माझी हिंमत. त्याचं फडकं तसंच गोल गोल फिरत राहिलं.

मग मी घरी जाऊन वहिनीला गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. ऐकून थांबलीसुद्धा नाही.

"दोन वर्षं झाली, भाऊजी. मी समोर जाऊनच बोलते त्यांच्याशी. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

"आता सांगायला हवं वहिनी! लेथ चाललाय."

"मग सांगा तुम्ही." चिमटा लावता लावता तिने माझ्याकडे बघितलं. "लेथ गेला तर लेथ जाईल. कानच गेले म्हटलं, तर माणसाकडे उरलं काय?"

टेम्पो आला तेव्हा लेथची एक बाजू मीच उचलली. दादा म्हणत होता, "हळू. हळू रे, हळू." बाकीचे सहा जण आपापली मशीन घेऊन मागोमाग गेले. त्यांना जाऊन सांगितलं असतं तर? दादाचं नाव घ्यावं लागलं असतं. नाही सांगितलं. ते सहा जण आजही माझ्या छातीवर बसलेत.

पुढच्या महिन्यात इंजिन पंपाला जोडलं. अकरा मिनिटं चाललं. मग एक दणका, काळा धूर, आणि बेअरिंगचा चुरा शेडभर. टायवाला चार दिवस बिनटायचा दिसला, मग दिसायचाच बंद झाला. पाचव्या दिवशी आम्ही गेलो तर शेड रिकामी, मशीन एकही नाही. दादाला कोणी एका शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा गॅरेजला येत राहिला. पाने लावून ठेवायचा, झाडायचा. परवा एक बाई जुनी गाडी घेऊन आली. सरळ दादाकडेच गेली. "दादा, आवाज येतोय कसला तरी. तुम्ही ऐका ना."

दादाने बॉनेट उघडलं. वाकला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. गाडी चिरचिरत होती, लहान पोरालाही कळावं अशी.

मग डोळे उघडून त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं रे, धाकट्या?"

उभ्या जन्मात त्याने मला असं विचारलं नव्हतं. मी हातातलं काम टाकून त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो. सावकाश, तोंड नीट उघडून म्हटलं, "फॅनचा पट्टा सैल झालाय."

"बरोबर," दादा म्हणाला, आणि पाना घ्यायला वळला.