पाचवीच्या पाटावरची कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नाही आणि न्हाव्याचीही नाही. पाथर्डी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात बाळांची नाळ कापणारी कात्री. टोकं बोथट असली तरी माझी जीभ तिखट आहे, आधीच सांगून ठेवते.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी जया सिस्टरच्या हातात होते. प्रत्येक बाळंतपणाआधी ती मला खळखळत्या पाण्यात वीस मिनिटं उकळायची. मी कधी हूं की चूं केलं नाही. माणसांना मात्र नुसते हात धुवायला शिकवायचं तर महामारी यावी लागली!

करोनाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावरून परतली, तर गावाने वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवलेल्या. चौदा दिवस वेशीबाहेरच्या शाळेत राहा, म्हणाले. टोळीत पंकजा होती, दिवस भरलेली. दुसऱ्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन नगरला गेलेली.

जया सिस्टर मला घेऊन निघाली, तर तिचा घरमालक सहादेव दारात आडवा.

"बाई, तिकडं गेलात तर आमच्या खोलीत परत यायचं न्हाई. घरात म्हातारी मानसं हायेत."

"मग माझी पेटी ओट्यावर काढून ठेवा," म्हणून ती गेलीसुद्धा.

शाळेच्या वर्गात, अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख घालून, घामाने निथळत तिने बाळंतपण केलं. लेक झाली, पण रडेना. सिस्टरने तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. मग पोरीने असा टाहो फोडला की बाहेरून तिचा बाप बिभीषण दारावर थापा मारायला लागला. नाळ मी कापली.

सिस्टर शाळेतच, शेजारच्या वर्गात राहिली. गावातून तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. हेच लोक महिन्यापूर्वी तिच्यासाठी थाळ्या बडवत होते! चौथ्या दिवशी तिने बदलीचा अर्ज लिहिला. मला गावाचा असा संताप आला म्हणून सांगू!

पाचव्या दिवशी पाचवी. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून पाट मांडतात, त्यावर नाळ कापलेलं हत्यार ठेवतात, सुईणीची ओटी भरतात. हल्ली बाळंतपणं दवाखान्यात, त्यामुळे लोक घरचाच कोयता पाटावर ठेवून मोकळे होतात. पंकजाची सासू मनकर्णा गावातून पूजेचं सामान घेऊन आली आणि फांद्यांपलीकडून ओरडली, "पंकजे, पाटावर कोयता ठिव गं!"

"न्हाई ठिवायची, आत्याबाई. कोयत्यानं ऊस तोडला. माज्या लेकीची नाळ सिस्टरच्या कात्रीनं कापली. पाटावर कात्रीच बसंल, अन् ओटीबी सिस्टरचीच भरायची."

टोळीतल्या बायकांनी खण-नारळाने सिस्टरची ओटी भरली. मला हळद-कुंकू लागलं. सिस्टरचे डोळे भरून आले, आणि नंतर तिने मला पुन्हा उकळलं ते वेगळंच.

चौदा दिवस संपले. गाव म्हणालं, टोळीने यावं, रोज पेशंटांना हात लावणाऱ्या सिस्टरने मात्र दुसरीकडे सोय बघावी. पंकजा तान्ही लेक घेऊन वाटेतच बसली.

"जिची ओटी भरली तिला येशीबाहीर ठिवायचं? कुटली रीत ही? आदी ती आत, मंग मी."

कुणी हलेना. शेवटी मनकर्णाने स्वतः फांद्या ओढून बाजूला केल्या. हाताला काटे लागले तरी थांबली नाही.

"सहादू, बाईंची पेटी आमच्या घरी आनून टाक. ऱ्हातील माज्याकडं. अन् बिगी बिगी, माज्या नातीला ऊन लागतंय."

सहादेवने पेटी डोक्यावर घेतली. बदलीच्या अर्जाच्या पाठीवर सिस्टरने त्याच संध्याकाळी पोरीचं वजन लिहिलं.

सिस्टर अजून इथेच आहे. माझी पकड ढिली झालीय, भंगाराच्या यादीत नाव लागलंय. टाका खुशाल. पण पुन्हा साथ आली आणि नर्सबाईला बघून दाराला कडी घातलीत, तर एक ध्यानात ठेवा. या गावातल्या निम्म्या पोरांच्या बेंबीवर माझी सही आहे.