सुईमावशी

"श्वास धरू नको, सोड. कान इकडे कर."

ट्रेडमिलच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांवर पाय टेकवून क्षणभर थांबलेल्या मुलीच्या कानाच्या पाळीला सुईमावशीने सुई टोचली. रक्ताचा टपोरा थेंब काचेच्या बारीक नळीत चढला. मुलीच्या तोंडावर श्वास मोजणारा मुखवटा होता, बोलता येत नव्हतं. तिने नुसता अंगठा वर केला. पट्टा पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

मुलगी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. काटकुळी, म्हणून वसतिगृहात तिचं नाव काडी पडलं होतं. क्रीडाविज्ञान केंद्राच्या त्या खोलीत खेळाडूंचं रक्त घ्यायचं, छातीवर तारा चिकटवायच्या, ठोके मोजणारे, घामाने भिजलेले छातीपट्टे धुऊन वाळत घालायचे, हे मावशीचं काम. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. "मावशी, तू टोचलंस की डाससुद्धा लाजतो," असं कुस्तीगीर म्हणत. त्यांतलाच एक आडदांड गडी एकदा नुसती सुई बघून आडवा झाला होता.

काडी इथे आली तेव्हा रोज जीव तोडून धावायची. ओकारी आली की सराव झाला, अशी तिची समजूत. डॉक्टरबाईंनी तिच्या रक्ताचे थेंब तपासले आणि म्हणाल्या, "हळू धावायच्या दिवशी तू फार जोरात धावतेस. म्हणून जोरात धावायच्या दिवशी अंगात काही उरत नाही." काडी रडकुंडीला आली. पेन्शनर फिरायला निघतात तसं धावायचं? पण तिच्या प्रशिक्षकांनी, सरांनी, ऐकलं. तिचं धावणं, खाणं, झोप, सगळं त्या खोलीतल्या आकड्यांवर बेतलं. पोरगी अशी सुधारली की विचारू नका. यंदा मोठ्या स्पर्धेच्या संघात तिची निवड झाल्यातच जमा होती.

चाचणी संपली. सर आणि डॉक्टरबाई आलेख बघायला शेजारच्या खोलीत गेले. मावशी काडीच्या तारा सोडवू लागली.

"मावशी, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही."

"प्रेमात पडलीस?"

"तेवढा वेळ कुठाय!" काडी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा चढावर धावताना डोळ्यांपुढे अंधार आला. भानावर आले तर रस्त्याच्या कडेला पडलेले."

मावशीचा हात थांबला. "सरांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? संघ जाहीर व्हायचाय. उन्हाने झालं असेल गं. तुला माझी शप्पथ आहे."

ती आंघोळीला गेली. मावशी शेजारच्या दारापर्यंत जाऊन परत आली. टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग आत गेली आणि एका दमात सांगून टाकलं.

पुढच्या तपासण्या इस्पितळात झाल्या. निकाल सांगायला डॉक्टरबाईंनी काडीला आणि सरांना बोलावलं. मावशीलाही थांबवून घेतलं.

"हृदयाची आतली भिंत जाड झालीय. सराव करणाऱ्यांचं हृदय थोडं मोठं होतंच, म्हणून आधी आम्हाला वावगं वाटलं नाही. पण हे सरावाने झालेलं नाही. हा आजार आहे. जोरात धावताना ते कधीही दगा देऊ शकतं."

"सराव कमी केला तर?"

"शर्यती नाहीत आता, बाळ."

"गोळ्या असतील ना काही?"

"आहेत. पण त्या धावण्यासाठी नाहीत."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. काडी रडली नाही. तिने मावशीकडे पाहिलं. "झालं समाधान?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवशी मावशीला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, "बोलली नसतीस तर काय झालं असतं?"

"पळत राहिली असती."

"कुठवर?"

मावशी उठली. ताट उचलून मोरीत ठेवलं.

आठवड्याभराने काडीला न्यायला तिचे वडील आले. बॅगा रिक्षात ठेवून ते विचारत विचारत चाचणीच्या खोलीशी पोचले. चपला दाराबाहेर काढल्या.

"सांगितलं ते तुम्हीच ना?"

"हो."

त्यांनी थांबलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. "पोरगी दोन घास खात नाही की बोलत नाही. तिच्या आईने बजावलंय, त्या मावशींना भेटल्याशिवाय येऊ नका." त्यांनी हात जोडले, मग खाली घेतले. "आभार मानावेत का, तेच कळत नाही हो, ताई."

"नका मानू," मावशी म्हणाली. "कुठाय ती?"

त्यांनी बाहेर हात केला.

काडी मैदानावर होती. साध्या कपड्यांत, धावपट्टीच्या अगदी आतल्या रेषेवरून चालत होती. जपून, पाऊल मोजल्यासारखी. दोन्ही हात मात्र कोपरात दुमडलेले, धावणारीचे असतात तसे. मागून नव्या मुलींचा घोळका धावत येत होता. पावलांचा आवाज जवळ आला तशी मागे वळून न पाहता ती बाजूच्या रेषेवर सरकली. मुली पुढे निघून गेल्या. काडीने त्यांना वळणापर्यंत जाऊ दिलं, मग पुन्हा आतल्या रेषेवर आली आणि आपल्या चालीने उरलेली फेरी पुरी करू लागली.